दोन रुपयांचा निर्माता

वऱ्हाडात वर्गणीचे कोणाला नवल नाही. गणपती, भागवत सप्ताह, कुस्त्यांची दंगल, देवळाचा सभामंडप, सारे वर्गणीतून उभे राहते. म्हणून ज्याला आता ‘क्राउडफंडिंग’ म्हणतात, ते आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या होतकरू मुलांना परके वाटत नाही. बँक दारात उभे करत नाही, मुंबईचा निर्माता भेटत नाही, मग लोकांकडेच जावे. विचार सरळ आहे. पण वर्गणी वेगळी आणि भांडवल वेगळे. लोकांच्या पैशातून झालेल्या चित्रपटांविषयी लिहिताना हा फरक नजरेआड होतो, असे मला वाटते.

या चर्चेत पहिले नाव येते ते श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’चे (१९७६). पटकथा विजय तेंडुलकरांची. गुजरातच्या दूध सहकारी संस्थांच्या ५ लाख सभासदांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि १० लाख उभे राहिले. पुढे हेच शेतकरी गाड्या भरभरून चित्रपट पाहायला आले. ही गोष्ट लोकशक्तीचा विजय म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात आणखी काही दिसते. पैसा गोळा करणारी यंत्रणा गावोगाव आधीपासून होती. रोज दूध मोजून हिशेब देत होती. त्या दोन रुपयांमागे कित्येक वर्षांचा विश्वास होता. शिवाय दोन रुपयांच्या निर्मात्याला पटकथेत ढवळाढवळ करता येत नव्हती. लहान वाटा हे कलाकृतीचे संरक्षणच ठरले. मात्र चित्रपट सहकाराच्या पैशाचा होता आणि सहकाराचीच बाजू मांडत होता, हे समीक्षकाने विसरू नये. थेंब शेतकऱ्यांचे असले, तरी भांडे संस्थेचे होते.

मल्याळम दिग्दर्शक जॉन अब्राहम यांच्या ‘अम्मा अरियान’मागे (१९८६) अशी संस्था नव्हती. त्यांच्या ‘ओडेसा’ गटाने केरळात गावोगाव फिरून सामान्य माणसांकडून पैसे जमवले आणि तयार चित्रपट पुन्हा त्यांच्यातच नेला. एका तरुणाच्या मृत्यूची बातमी त्याच्या आईला सांगायला निघालेल्या मित्रांची ही कथा. धंदा पाहणाऱ्या निर्मात्याने ती हाती घेतली नसती. लोकवर्गणीकडून जी आशा करावी, ती इथे फळाला आलेली दिसते. पण जॉन १९८७ मध्ये गेले. एका माणसाच्या शब्दावर उभी राहिलेली वर्गणी त्या माणसाइतकीच नाजूक असते.

मराठीतले ठळक उदाहरण ‘श्वास’चे. ‘श्यामची आई’नंतर अर्ध्या शतकाने संदीप सावंत यांच्या या चित्रपटाने मराठीला सुवर्णकमळ मिळवून दिले. २००४ मध्ये तो भारतातर्फे ऑस्करला गेला, तेव्हा तिथल्या प्रचाराच्या खर्चासाठी शाळकरी मुलांपासून राज्य सरकारपर्यंत अनेकांनी हात पुढे केला. महाराष्ट्राने मन मोकळे केले ते तयार, गौरवलेल्या चित्रपटासाठी. तो कागदावर होता तेव्हाची जोखीम निर्मात्यांचीच होती. आपल्याकडे यशाला वर्गणी मिळते, प्रयत्नाला मिळवणे कठीण.

इंटरनेटमुळे प्रयत्नालाही दार उघडले. कन्नड दिग्दर्शक पवन कुमार यांनी ‘लूसिया’साठी (२०१३) शंभराहून अधिक लोकांकडून सुमारे ५० लाख रुपये महिन्याभरात जमवले. त्याच २०१३ मध्ये अमेरिकेत ‘वेरोनिका मार्स’ या बंद पडलेल्या मालिकेवर चित्रपट काढण्यासाठी ९१ हजारांहून अधिक चाहत्यांनी सुमारे ५७ लाख डॉलर दिले. हक्क मात्र वॉर्नर ब्रदर्स या बड्या स्टुडिओकडेच राहिले. देणाऱ्यांना मिळाले टी-शर्ट, पोस्टर आणि चित्रपटाची प्रत. आपल्याकडे तर खाजगी कंपनीला एका वर्षात २०० पेक्षा अधिक लोकांना शेअर देऊ करता येत नाहीत. सेबीने २०१४ मध्ये क्राउडफंडिंगवर चर्चापत्र काढले, पण शेअर देऊन वर्गणी गोळा करण्याची वाट मोकळी झाली नाही. त्यामुळे देणारा बहुधा दाता किंवा आगाऊ गिऱ्हाईक असतो. त्याला ‘निर्माता’ म्हणून हाक मारणे गोड वाटते. नफा झालाच तर त्यात त्याचा वाटा असेलच असे नाही.

बुलढाण्यातून पाहताना मला हा प्रश्न तारणाचा वाटतो. १९८६ मध्ये सुरू झालेली बुलढाणा अर्बन ही पतसंस्था लहान ठेवींतून वाढली. शेतकरी गोदामात सोयाबीनची पोती ठेवतो, पावती घेतो, त्यावर कर्ज उचलतो. पोते दिसते, मोजता येते. पटकथेवर कोण कर्ज देणार? तिचे भाकीत भेंडवळच्या घटमांडणीइतकेच भरवशाचे. दादासाहेब फाळक्यांनी इंग्लंडला जाण्यासाठी स्वतःची विमा पॉलिसी गहाण टाकली आणि १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून पैसेवाल्यांना दाखवली, तेव्हा कुठे ‘राजा हरिश्चंद्र’ला भांडवल मिळाले. आधी स्वतःचे पणाला लावले, मग काम दाखवले, मग पैसे मागितले.

मेहकर-चिखलीकडच्या मुलाने वऱ्हाडी बोलीत चित्रपट करायचे ठरवले, तर त्याला पैसे देणार कोण? गावचे गुरुजी, किराणा दुकानदार, एसटीतला वाहक, नुकताच कापूस विकलेला मामा. चित्रपट हार्ड डिस्कमध्ये पडून राहिला, तर ही माणसे कोर्टात जाणार नाहीत. पुढच्या मुलाला फक्त दार उघडणार नाहीत. माझ्या मते सर्वांत मोठा धोका हाच, कारण त्याची झळ ज्याने काहीच केले नाही त्याला लागते.

म्हणून अशा चित्रपटाची समीक्षा पडद्यापाशी संपू नये. पैसे घेताना ते देणगी, आगाऊ किंमत की भागीदारी, हे स्पष्ट सांगितले होते का? खर्चाचा हिशेब देणाऱ्यांपुढे ठेवला का? आणि पहिला खेळ महोत्सवाआधी त्यांच्या गावात झाला का? दोन रुपये देणाऱ्याला निर्माता म्हणायचे असेल, तर हिशेबाची वही आणि पहिल्या खेळाची खुर्ची यांवर त्याचा हक्क मानावा लागेल.