सहभाग मोजायचा, पण कुणाच्या फोनवर?

माझ्या प्रबंधात एक तक्ता आहे, ज्याचा मला सहा महिने फार अभिमान होता. तालुक्याच्या गावातलं एक कॉलेज, पहिल्या वर्षाचा अर्थशास्त्राचा वर्ग, शिकवणं अर्धं वर्गात आणि अर्धं ॲपवर. प्रत्येक विद्यार्थ्यापुढे वर्गातली हजेरी, ॲपवरची ‘सक्रिय मिनिटं’ आणि त्यावरून मी काढलेला सहभागाचा शेरा: जास्त, मध्यम किंवा कमी. प्रगती अहवालात तो तक्ता जोडून मी मोकळीही झाले होते.

मग मुलाखती घ्यायला गेले. ‘कमी’ शेऱ्याची एक मुलगी समोर येऊन बसली. तिची आठवड्याची सक्रिय मिनिटं होती अकरा. तिने पिशवीतून वही काढली. ॲपवरच्या नोट्स तिने शब्द न् शब्द उतरवून घेतल्या होत्या आणि समासात पेन्सिलीने प्रश्न लिहिले होते. त्यातला एक प्रश्न मलाही थोडा वेळ अडवून गेला. मी विचारलं, ॲपवर एवढा कमी वेळ कसा? ती म्हणाली, “ताई, फोन पप्पांचा आहे. ते साडेआठला येतात, मग आधी दादाला लागतो. मला मिळाला की मी पटकन फाइल उतरवून घेते आणि परत देते.” त्याच दिवशी ‘जास्त’वाला एक मुलगाही भेटला. तो हसत हसत म्हणाला की व्हिडिओ चालू ठेवून तो दुकानात गिऱ्हाईक बघायचा. हजेरी लागते ना, बास.

आज ज्या संशोधनाबद्दल तुमच्याशी बोलायचंय, त्यात माझीच चूक जरा चांगल्या कपड्यांत दिसते, म्हणून हे आधी कबूल करून टाकलं.

आधी शब्दाचं बघू. इंग्रजीतल्या ‘एंगेजमेंट’ला आपण ‘सहभाग’ म्हणतो, कारण ‘गुंतवणूक’ म्हटलं की बँकेची आठवण येते. (साखरपुड्याची आठवण येणारेही आहेत. माझ्या आत्याला अजून वाटतं मी विवाहसंस्थेवर पीएचडी करतेय.) पण ‘सहभाग’ म्हटलं की फक्त बाहेरून दिसणारं डोळ्यांपुढे येतं: हात वर केला, उत्तर दिलं, हजर होता. २००४ साली फ्रेडरिक्स, ब्लूमेनफेल्ड आणि पॅरिस या तिघींचा एक आढावा आला. या विषयात काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला तो वाचावा लागतो. त्यांनी या कल्पनेचे तीन पदर मांडले. एक वागण्यातला, म्हणजे येणं, बसणं, काम करणं. दुसरा भावनेचा, म्हणजे आवड, कंटाळा, आपलेपणा. तिसरा बुद्धीचा, म्हणजे अवघड गोष्टीशी झटायची तयारी. माझा तक्ता पहिल्या पदराचाही जेमतेम कोपरा पकडत होता आणि शेरा मात्र तिन्हींचा मारत होता. असं करणारी मी एकटी नाही, हे पेपर वाचताना रोज दिसतं. मिनिटं आणि क्लिक फुकटात मिळतात. वही बघायला एसटीने जावं लागतं.

आता फोनकडे येते. ‘फोन नुसता बाकावर असला तरी बुद्धी कमी चालते’ हे वाक्य तुम्ही व्हॉट्सॲपवर नाहीतर पालकसभेत ऐकलं असेलच. ते येतं २०१७ च्या एका पेपरातून. एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांचं हे काम. पाचशेहून जास्त कॉलेज विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एकाचा फोन टेबलावर पालथा, दुसऱ्याचा खिशात किंवा बॅगेत, तिसऱ्याचा दुसऱ्या खोलीत. मग गणितं सोडवता सोडवता अक्षरं लक्षात ठेवायची आणि आकृत्यांची कोडी सोडवायची. टेबलावर फोन असलेले मागे पडले, दुसऱ्या खोलीत फोन असलेले पुढे राहिले, खिशातले मधे. गंमत म्हणजे फोनचा विचार मनात आल्याचं बहुतेकांनी नाकारलं.

प्रयोग हुशारीने बांधलेला आहे, यात वाद नाही. पण तो वर्गाबद्दल काय सांगतो? त्या खोलीत शिक्षक नव्हता, धडा नव्हता, शेजारी बसून कोपर मारणारा मित्र नव्हता. मोजली ती स्मरणाची क्षमता. शिकण्यात मन गुंतलं की नाही, हे त्यात आलंच नाही. शिवाय त्याच पेपरातल्या दुसऱ्या प्रयोगात असं दिसलं की ज्यांचं फोनवाचून अडतं त्यांच्यावर परिणाम जास्त, बाकीच्यांवर फारसा नाही. पालकसभेत पोचेपर्यंत हा भाग गळून पडतो. २०२२ मध्ये रुइझ पार्डो आणि मिंडा यांनी हा दुसरा प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा त्यांना तो परिणाम सापडला नाही. म्हणजे मूळ काम खोटं ठरलं असं नाही, पण ‘विज्ञानाने सिद्ध केलंय’ म्हणून टेबलावर मूठ आपटण्याइतकं ते पक्कंही नाही.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. या सगळ्या रचनेत एक गोष्ट गृहीत आहे, ती म्हणजे एक माणूस आणि त्याचा एक फोन. फोन जवळ आहे की लांब, एवढाच प्रश्न. २०२३ च्या ‘असर’ पाहणीत २८ जिल्ह्यांतल्या ग्रामीण भागातली १४ ते १८ वयाची मुलंमुली होती. जवळपास ९० टक्के घरांत स्मार्टफोन होता. पण ज्यांना तो वापरता येतो, अशा मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता आणि मुलींपैकी फक्त १९.८ टक्क्यांकडे. माझ्या तक्त्यातली ती मुलगी या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत बसते. तिच्या बाबतीत ‘फोन लक्ष विचलित करतो का’ हा प्रश्न रात्री साडेनऊच्या आधी लागूच होत नाही.

मोबाईलबंदीचंही थोडक्यात. बेलँड आणि मर्फी यांनी इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या ९१ शाळांचे निकाल तपासले. बंदीनंतर निकाल किंचित सुधारले, आणि जवळजवळ सगळा फायदा अभ्यासात मागे असलेल्या मुलांना झाला. वरच्या गटाला काहीच फरक पडला नाही. स्वीडनमध्ये तशीच तपासणी झाली तेव्हा परिणाम दिसला नाही. वर्गात फोन नको म्हणणाऱ्या शिक्षकांशी माझं भांडण नाही, मी स्वतः तासाला फोन बॅगेत ठेवायला सांगते. पण फोन काढून घेतल्यावर जे उरतं त्याला सहभाग म्हणायची घाई नको. पुढे बघत झोप काढणारी पोरं मोबाईलच्या आधीही होती.

आता मला आवडलेलं काम. बोट्स्वानात करोनाच्या काळात शाळा बंद होत्या, तेव्हा अँग्रिस्ट, बर्गमन आणि मात्शेंग यांनी साधे फोन घेऊन एक प्रयोग केला. सुमारे साडेचार हजार घरं, प्राथमिक शाळेतली मुलं, चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेले गट. काही घरांना आठवड्याला गणितांचा एसएमएस. काही घरांना एसएमएस आणि शिवाय आठवड्यातून एक फोन, साधारण पंधरा-वीस मिनिटांचा. फोन पालकांना यायचा. मुलाला बोलवा, स्पीकर लावा, आणि मग वजाबाकी, भागाकार. नुसत्या एसएमएसने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. एसएमएसच्या जोडीला फोन आला, तिथे गुण ०.१२ प्रमाण विचलनाने वाढले. तपासणीसाठी वापरलेली चाचणी आपल्याकडच्या ‘असर’च्या धर्तीवरची होती. पुढे भारतासह पाच देशांत असंच करून पाहिलं, तेव्हाही फोनवरून शिकवण्याचा परिणाम दिसला.

हा पेपर २०२२ मध्ये छापून आला आणि त्याच्या बातम्या झाल्या त्या ‘स्वस्त तंत्रज्ञान’ म्हणून. मला हे वाचन उथळ वाटतं. एसएमएसही त्याच फोनवर येत होता, तोही स्वस्तच होता. फरक पडला तो पलीकडे माणूस होता तिथे. एक माणूस, जो ठरल्या दिवशी फोन करतो, उत्तर चुकलं तर थांबतो, आणि आईलाही ऐकू जाईल असं बोलतो. आपल्या मुलाला नक्की काय येतं याचा पालकांचा अंदाजही सुधारला, आणि मला तर हा निष्कर्ष मुख्य निष्कर्षाइतकाच मोलाचा वाटतो. फोन घरातल्या सगळ्यांचा असतो ही अडचण मानायच्या ऐवजी त्यांनी तिचाच उपयोग करून घेतला.

खोड काढायचीच तर आहे. परिणाम लहान आहे. विषय प्राथमिक गणिताचा आहे, तिथे उत्तर बरोबर की चूक हे दोन सेकंदांत कळतं. माझ्या वर्गातला मागणीच्या लवचिकतेचा गोंधळ स्पीकरवर असा सुटेल का, शंका आहे. आणि हे फोन करायचे कुणी? आपल्या शिक्षकांच्या डोक्यावर आधीच काय काय आहे ते तुम्ही जाणता.

अहवाल मी परत घेतला. गाइड मॅडम म्हणाल्या, तक्ता काढू नकोस, त्याचं नाव बदल. आता त्या रकान्याचं नाव ‘ॲप उघडं असलेला वेळ’ आहे, शेऱ्याचा रकाना रिकामा आहे, आणि शेजारी नवा रकाना आलाय: फोन कुणाचा, किती वाजता हातात येतो. तो भरायला मी रोज संध्याकाळी एकेका घरी फोन करते. उचलतात बहुतेक वेळा वडील. परवा एकांनी माझं नाव आणि कॉलेजचं नाव ऐकलं आणि घाबरून विचारलं, “का हो मॅडम, पोरगी नापास झाली का?” नाही म्हटल्यावर त्यांनी फोन तिच्याकडे दिला, पण स्पीकर चालूच ठेवला.