आधी समोरच्याचं म्हणणं

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ‘लिटरेचर सर्व्हे’ होता. बारा पेपर, बारा परिच्छेद. त्या बारा जणांचं एकमेकांशी पटतं का, हे मी पाहिलंच नाही. कुणी विचारलंही नाही. पानं भरली होती ना! शाळेतल्या निबंधातही तेच. फायदे, तोटे, आणि मत द्यायची वेळ आली की समारोप.

वाद कसा लिहितात ते मला नोकरी लागल्यावर ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दिसलं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं हे भाषण झालंच नाही. आंबेडकरांनी ते १९३६मध्ये स्वतः छापलं. गांधींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर टीका केली. १९३७च्या दुसऱ्या आवृत्तीत आंबेडकरांनी ती टीकाही छापली आणि पुढे आपलं उत्तर दिलं.

गांधींचा एक मुद्दा असा, की धर्म त्याच्या सर्वोत्तम अनुयायांवरून जोखावा. आंबेडकर हे आधी मान्य करतात. मग विचारतात, उत्तम माणसं इतकी थोडी आणि वाईट इतकी जास्त का? समोरच्याचंच वाक्य घेऊन केलेला हा प्रश्न मला कुठल्याही गाईडमध्ये भेटला नव्हता.

पुढे ते गांधींनी वडिलोपार्जित व्यवसाय कुठे केला, असं विचारतात. पहिल्या वाचनात मला हा वैयक्तिक टोमणा वाटला. मी मागे जाऊन गांधींचा लेख पुन्हा वाचला. प्रत्येकाने वाडवडिलांच्या धंद्यावर पोट भरावं, हे त्यातच होतं. आणि तो लेख त्याच पुस्तकात होता, म्हणून मला तपासता आलं.