ताल एक, तोंडे अनेक

‘स्लेंग टेंग एक्स्ट्राव्हॅगान्झा’ या जमैकातल्या डान्सहॉल संग्रहात (१९८५) गायक अनेक आहेत, ताल एकच. अभिजनांची समीक्षा याला पुनरावृत्ती म्हणून मोडीत काढील. मला हा आक्षेप मान्य नाही.

हा ताल म्हणजे कॅसिओ एमटी-४० या छोट्या की-बोर्डातला तयार ठेका. तो बसवला हिरोको ओकुदा या जपानी तरुणीने. किंग्स्टनच्या वॉटरहाऊस या गरीब वस्तीतल्या किंग जॅमी या निर्मात्याने त्याची गती संथ केली आणि वेन स्मिथकडून त्यावर पहिले गाणे गाऊन घेतले. वाद्यवृंदाचा खर्च वाचला. वस्तीतल्या पोरांना माइकपर्यंतची वाट जवळची झाली.

ताल सर्वांचा असला की गायकाला लपायला जागा उरत नाही; शब्द आणि फेक स्वतःचीच लागते. स्मिथ कोकेन नाकारून गांजाचे गुण गातो. त्याच तालावर टेनर सॉ ‘पम्पकिन बेली’त लोकांच्या तोंडच्या म्हणी गुंफतो. ही पुनरावृत्ती नव्हे. ही एका चावडीवरची वेगवेगळी बोलणी आहेत.

पण भाबडेपणा नको. ताल सर्वांनी गायला, तरी टेप निर्मात्याच्याच कपाटात राहिली. जमैकाचा स्वतःचा कॉपीराइट कायदा लागू झाला तो १९९३ साली. शिवाय याच यंत्राने कित्येक वादकांच्या हातचे काम काढून घेतले. म्हणून असा संग्रह ऐकताना आवाज कोणाला मिळाला, एवढेच विचारून आपल्याला थांबता येणार नाही. दाम कोणाच्या पदरात पडले, हेही विचारलेच पाहिजे.