दारावरची थाप आणि सोबतची बंदूक

१९६०च्या सप्टेंबरात जॉन स्टाइनबेक चार्ली नावाच्या पूडल कुत्र्याला घेऊन अमेरिका पाहायला निघाला, तेव्हा त्याच्या पिकअप ट्रकवर एक छोटेसे घर बसवलेले होते. झोपायला पलंग, शेगडी, फ्रीज, लिहिण्यापुरते टेबल. डॉन किहोतेच्या घोड्यावरून त्याने या गाडीचे नाव रोसिनान्ते ठेवले. सामानात एक शॉटगन, दोन रायफली आणि मासेमारीचे गळ होते. ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ (१९६२) या पुस्तकात या बंदुकांचे तो जे कारण देतो, ते आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. चोराची भीती हे ते कारण नव्हे. अनोळखी माणूस गावात शिरला की लोक विचारतात, कशासाठी आलात? ‘देश पाहायला’ या उत्तराने संशय वाढतो. ‘शिकारीला’ म्हटले की चौकशी तिथेच थांबते, वर कौतुकही होते. बंदूक हे त्याच्यासाठी एक प्रकारचे ओळखपत्र आहे. आपल्याला आता शिकारीत रस उरलेला नाही, हेही तो लगेच सांगून टाकतो.

रायफल खरोखर हातात येते ती मोहावी वाळवंटात. समोर दोन कायोटी, म्हणजे कोल्ह्याच्या जातीचे प्राणी, उभे आहेत. कॅलिफोर्नियात वाढलेल्या माणसाला लहानपणापासून शिकवलेले असते की कायोटी कोंबड्या पळवतो आणि दिसला की मारायचा. दुर्बिणीत प्राणी स्पष्ट दिसतो, बोट चापावर आहे, आणि मग त्याच्या लक्षात येते की आसपास कित्येक मैल एकही कोंबडी नाही. तो बंदूक खाली ठेवतो आणि जाताना कुत्र्याच्या खाण्याचे दोन डबे उघडून तिथे ठेवतो. प्रसंग जरा गोडच आहे. तरी त्यात एक गोष्ट नेमकी पकडलेली आहे: बोट चापावर येते ते समोरच्या प्राण्याने काही केले म्हणून येत नाही, आधी ऐकलेल्या गोष्टीमुळे येते.

नाटकात भिंतीवर बंदूक टांगलेली दाखवली तर ती पुढे उडालीच पाहिजे, हा चेखवच्या नावावरचा नियम सर्वांना पाठ आहे. अमेरिकेतल्या फिरत्या घरांच्या, म्हणजे आरव्हींच्या, वाङ्मयात हा नियम उलटा लावावा लागतो. तिथे बंदूक बहुतेक वेळा उडत नाही. ती नुसती असते, आणि असण्यानेच वाक्यांची दिशा बदलते. प्रवासवर्णन अनोळखी माणसावर जगते. दार वाजते, उघडते, गोष्ट सुरू होते. स्वसंरक्षणासाठी उशाशी ठेवलेले पिस्तूल मात्र दार उघडण्याआधीच बाहेरच्या माणसाचा निकाल लावून ठेवते. ते बाळगावे की बाळगू नये, हा माझा प्रश्न नाही. निर्जन रस्त्याकडेला एकट्याने रात्र काढणाऱ्याला शहरातल्या खुर्चीवरून उपदेश करणे फार सोपे असते. मला कुतूहल आहे ते निवेदकाचे. भरलेले पिस्तूल घेऊन निघालेल्याला रस्त्यावर काय ऐकू येते आणि काय ऐकू येईनासे होते?

मराठी वाचकाला इथे गोडसे भटजी आठवतील. १८५७च्या धामधुमीत वरसईहून उत्तरेकडे गेलेला हा भिक्षुक पुन्हा पुन्हा लुटला जातो आणि तरी गंगेची कावड घेऊन घरी परततो. ‘माझा प्रवास’मध्ये माणसे सर्वांत स्पष्ट दिसतात ती अशाच असहाय क्षणी. अर्थात या असहायतेचा गौरव करायचे कारण नाही. भटजींपुढे दुसरा पर्याय नव्हता, आरव्हीवाल्यापुढे तो आहे, आणि तो पर्याय दुकानात मिळतो.

पण तो पर्याय घेऊन रस्त्याला लागले की एक विलक्षण प्रश्न उभा राहतो, जो मला कुठल्याही कादंबरीइतकाच रंजक वाटतो: आरव्ही हे घर आहे की वाहन? घर असेल तर अमेरिकन माणसाच्या मनात आणि कायद्यात त्याला फार मोठे संरक्षण आहे. वाहन असेल तर पोलीस वॉरंटशिवायही झडती घेऊ शकतात, सबळ संशय पुरेसा होतो. १९८५ साली ‘कॅलिफोर्निया विरुद्ध कार्नी’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की रस्त्यावर सहज धावू शकणारे मोटरहोम वाहनच आहे. खटला गांजाचा होता, बंदुकीचा नव्हे. तरी न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचे भिन्नमत वाचताना एखादा चांगला कथाकार आठवतो. ते आतली खोली दाखवतात: टेबलाभोवतीच्या गादीच्या खुर्च्या, कपाटे, झोपायच्या फळ्या, फ्रीज, पडदे. पडदे लावणाऱ्याला वाटत असते की आपण घरात आहोत. आणि ही गाडी उभी होती ती सॅन डिएगोच्या कोर्टापासून थोड्याच अंतरावर, म्हणजे वॉरंट काढायला कुणाला दूर जावे लागणार नव्हते. बहुमताने मात्र एक फट ठेवली. चाके काढून ठोकळ्यांवर चढवलेल्या, वीज-पाण्याला जोडलेल्या मोटरहोमचे काय, हा प्रश्न त्यांनी हाताळलाच नाही.

हाच वाद २०१०मध्ये ‘ब्रेकिंग बॅड’ या मालिकेच्या ‘सनसेट’ या भागात भंगारवाल्याच्या वाड्यात आला. आरव्हीच्या आत वॉल्टर आणि जेसी अडकलेले, बाहेर अमली पदार्थविरोधी खात्याचा हँक, आणि भंगाराचा म्हातारा मालक शांतपणे त्याला कायदा शिकवतो आहे की हे निवासस्थान आहे, वॉरंट आणा. दारावर जुन्या गोळीबाराची भोके आहेत, पण त्यांवर चिकटपट्ट्या लावलेल्या आहेत. मग पट्ट्या काढण्याआधी तुम्हाला ती भोके आहेत हे कसे कळले? पहिल्याच भागात याच गाडीसमोर अंतर्वस्त्रांत पिस्तूल रोखून उभा राहिलेला वॉल्टर इथे दाराआड श्वास रोखून बसला आहे, आणि त्याला वाचवते ती बंदूक नव्हे, एका शब्दाची व्याख्या. लेखकांनी गंमत म्हणून रचलेला हा प्रसंग कार्नी निकालावरचे उत्तम भाष्य आहे. खऱ्या कोर्टात म्हाताऱ्याचा युक्तिवाद कितपत टिकला असता, ते सोडून देऊ.

घर की वाहन हा घोळ बंदुकीच्या बाबतीत आणखी वाढतो, कारण प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. १९८६च्या केंद्रीय कायद्याने प्रवाशाला राज्यांतून ‘पार होण्याची’ मुभा दिली. जिथून निघाला आणि जिथे जायचे, तिथे बंदूक कायदेशीर हवी. ती रिकामी हवी आणि हाताशी नको. वेगळी डिकी नसलेल्या गाडीत ती कुलूपबंद पेटीत हवी, आणि डॅशबोर्डमधला कप्पा या हिशेबात धरत नाहीत. आरव्हीत पलंगापासून चालकाच्या आसनापर्यंत सगळी एकच खोली असते. म्हणजे ज्या बंदुकीच्या भरवशावर झोप लागावी, ती पेटीत, गोळ्या दुसरीकडे. राष्ट्रीय उद्यानांत फेब्रुवारी २०१०पासून त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे बंदूक जवळ ठेवता येते, पण माहिती केंद्राच्या इमारतीत नेता येत नाही. अलास्काला रस्त्याने जायचे तर वाटेत कॅनडा. तिथे पिस्तूल घरी ठेवूनच जावे, रायफलीसाठी अर्ज आणि शुल्क. (नायगाराजवळ स्टाइनबेकला माघारी फिरावे लागले ते बंदुकांमुळे नव्हे. चार्लीच्या रेबीजच्या लशीचा दाखला जवळ नव्हता.)

या नकाशावर मला सर्वांत बोलके वाटते ते कोलोरॅडो नदीकाठचे नीडल्स. पूर्वेला ॲरिझोना, जिथे २०१०पासून प्रौढ माणसाला लपवून पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही. पूल ओलांडला की कॅलिफोर्निया, जिथे दुसऱ्या राज्याचा परवाना मानत नाहीत आणि गाडीतले पिस्तूल रिकामे करून कुलपात ठेवावे लागते. पुलाच्या अलीकडे जो सावध नागरिक, तोच पलीकडे आरोपी होऊ शकतो. आणि याच नीडल्समध्ये, ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’मध्ये (१९३९), जोड कुटुंब नदीकाठी विसावले असताना मा जोडच्या तंबूशी एक डेप्युटी येतो. इथून निघा, तुमच्यासारखे लोक इथे नकोत, असा त्याचा सूर. मा सामानातून लोखंडी तवा उचलते आणि त्याच्या अंगावर चाल करून जाते. त्याचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे जातो. गोळी सुटत नाही. सगळे घर ट्रकवर लादून निघालेल्या बाईकडे हत्यार म्हणून स्वयंपाकाचे भांडे आहे, आणि बंदूक आहे ती तिला हुसकावणाऱ्याकडे. एकवीस वर्षांनी त्याच लेखकाने तीन बंदुका घेऊन रस्ता धरला तेव्हा तो कुणी हुसकावलेला माणूस नव्हता. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली की ‘स्वसंरक्षण’ या शब्दातला ‘स्व’ कुणाचा, हे आपोआप विचारावेसे वाटते.

बंदूक उडाली तर काय होते, ते पाहायचे असेल तर ‘रेस विथ द डेव्हिल’ (१९७५) हा चित्रपट आहे. नव्याकोऱ्या मोटरहोममधून सुट्टीला निघालेली दोन जोडपी रात्री एक नरबळी पाहतात आणि सैतानपूजक त्यांचा पाठलाग करू लागतात. ती वाटेत शॉटगन विकत घेतात, वापरतातही. पेट्रोलपंपावरचा, मुक्कामावरचा प्रत्येक चेहरा त्यांना संशयित वाटू लागतो, आणि शेवटी गाडीभोवती आगीचे रिंगण पडते. चित्रपट सामान्यच आहे, पण आत बसलेल्यांची नजर कशी अरुंद होत जाते ते त्यात चांगले टिपले आहे.

स्टाइनबेकच्या प्रवासाकडे परत यायचे ते एका अवघड प्रसंगासाठी. न्यू ऑर्लीन्समध्ये शाळेत जाणाऱ्या एका लहान कृष्णवर्णीय मुलीवर ओरडणारा गोऱ्या बायकांचा जमाव पाहून तो अस्वस्थ होऊन निघाला आहे. रस्त्याने चालणाऱ्या एका कृष्णवर्णीय म्हाताऱ्याला तो आग्रहाने गाडीत घेतो आणि प्रश्न विचारू लागतो. म्हातारा अंग चोरून बसतो, जेमतेम उत्तरे देतो, आणि घर पुढे असूनही मध्येच उतरवा म्हणतो. चालत जाणे त्याला बरे वाटते. संबंध पुस्तकात खरी भीती मला इथे दिसते, आणि ती यजमानाच्या नव्हे, पाहुण्याच्या चेहऱ्यावर. त्या वर्षी, त्याच रस्त्यांवर, हार्लेमचे पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६मध्ये सुरू केलेले ‘ग्रीन बुक’ वापरात होते: कृष्णवर्णीय प्रवाशाला कुठे खोली मिळेल, कुठे जेवण, कुठे पेट्रोल. ते त्यांचे स्वसंरक्षणाचे साधन. शिकारीचे सोंग घेऊन गावात शिरण्याची सोय त्या वाचकांना नव्हती. त्यांच्या हातातली बंदूक पाहून चौकशी थांबली नसती.

ही गोष्ट इतिहासजमा झालेली नाही. परवानाधारकांना नेहमी सांगितले जाते की पोलिसाने थांबवले तर हात दिसतील असे ठेवा आणि शांतपणे बोला. फिलँडो कॅस्टीलने जुलै २०१६मध्ये मिनेसोटात, गाडी थांबवल्यावर, आपल्याजवळ बंदूक आहे हे अधिकाऱ्याला आपणहून सांगितले. त्याच्याकडे परवाना होता. काही क्षणांत त्याच्यावर सात गोळ्या झाडल्या गेल्या. गाडीत त्याची जोडीदार आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. पुढच्या वर्षी अधिकारी निर्दोष सुटला. स्टाइनबेकच्या बंदुकांनी त्याला गावकऱ्यांच्या प्रश्नांतून सोडवले. कॅस्टीलला स्वतःची बंदूक जाहीर करणेच प्राणघातक ठरले.

जेसिका ब्रूडरच्या ‘नोमॅडलँड’मधली (२०१७) माणसे या दोन्ही टोकांच्या मध्ये राहतात. मंदीत घर गेलेली, साठी ओलांडलेली, व्हॅनमध्ये संसार मांडून हंगामी कामांमागे फिरणारी, आणि त्यांत एकट्या बाया पुष्कळ. यांच्यातल्या कुणी रात्री हाताशी काही ठेवले तर तिला हसणारा मी कोण? पण ब्रूडर आपल्याला एक शब्द देते: ‘थाप’. शहरात रात्री गाडी लावून गुपचूप झोपणाऱ्यांना सर्वांत जास्त धास्ती असते ती काचेवरच्या थापेची, आणि ती थाप बहुधा लुटारूची नसते. ती पोलिसाची असते, पहारेकऱ्याची असते: इथे झोपता येणार नाही, गाडी हलवा. क्लोई झाओच्या चित्रपटात फर्न जेवत असताना अशीच थाप पडते आणि ती दचकते, निघते म्हणते. या थापेपुढे पिस्तूल कामाचे नाही. असलेच तर घातक आहे. नीडल्सचा डेप्युटी अजून रात्रपाळीवर आहे.

अशीच एक थाप रोसिनान्तेवरही पडते. मिशिगनमधल्या एका तळ्याकाठी स्टाइनबेकने मुक्काम केलेला असतो आणि एक तरुण राखणदार येऊन सांगतो की ही जागा खाजगी आहे. गाडीत तीन बंदुका आहेत. स्टाइनबेक त्याला आत बोलावून कॉफी देतो. गप्पा होतात, बायकोची तक्रार निघते, राहायची मुभा मिळते. हा प्रसंग जसाच्या तसा घडला का? २०११ साली पत्रकार बिल स्टायगरवाल्डने या पुस्तकातला बराच भाग रचलेला असल्याचे दाखवून दिले, आणि पन्नासाव्या वर्षाच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतही ते मान्य केले गेले. पण ही थाप रचलेली असेल तर मला ती जास्तच महत्त्वाची वाटते. कल्पनेला मोकळे रान असताना, हाताशी बंदुका असताना, लेखकाने अंधारातून आलेल्या माणसासाठी कॉफीचे भांडे शेगडीवर चढवले. दुसऱ्या दिवशी दोघे मिळून मासे पकडायला गेले. एकही मासा लागला नाही.