चित्राचे नाव आणि चित्रकर्तीची नजर

टोरांटोच्या आर्ट गॅलरी ऑफ ऑन्टारिओत एमिली कार या कॅनेडियन चित्रकर्तीचे 1929 सालचे एक चित्र आहे. गर्द रान, जणू हिरव्या दगडातून कोरलेले. त्यात पांढरेशुभ्र इवलेसे चर्च, भोवती कबरींचे क्रूस. माणूस एकही नाही.

रान चर्चला गिळते आहे की कुशीत घेते आहे? आम्हाला दोन्ही अर्थ अपुरे वाटतात. दोन्हींत गावच नाही! हे युकॉट, व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडचे मोवाचाट आदिवासींचे गाव. त्या कबरींत कुणाचे तरी आईबाप आहेत. शिवाय कॅनडात सरकारच्या पैशावर चर्चनी चालवलेल्या निवासी शाळांनी आदिवासी मुलांना घरापासून, मातृभाषेपासून तोडले. सत्य व सलोखा आयोगाने 2015 मध्ये ते सविस्तर मांडले. हे वाचल्यावर तो पांढरा रंग आमच्या नजरेला निव्वळ पांढरा राहिला नाही.

कारने चित्राला नाव दिले होते ‘इंडियन चर्च’. 2018 मध्ये संग्रहालयाने ते ‘युकॉट गावातील चर्च’ असे केले, तेव्हा बरीच ओरड झाली. आम्हाला बदल रास्त वाटतो. आमच्या मराठी लेखनामागेही ‘मुस्लिम’ हे विशेषण लागतेच. कधी ते आम्हीच अभिमानाने लावतो, कधी दुसरे लावून मोकळे होतात. पण जुने नाव पुसू मात्र नये. आदिवासींच्या टोटेम खांबांची चित्रे वर्षानुवर्षे काढणाऱ्या कारची आस्था खोटी नव्हती. तरी ती नजर कुठवर पोचली, हे त्या जुन्या नावातच दिसते.