उत्क्रांती, बुद्धी आणि देह : ‘गीतारहस्य’ ते ‘वामन परत न आला’

‘उत्क्रांती’ हा शब्द मराठीने नव्या जीवशास्त्रासाठी घेतला तेव्हा तो कोरा नव्हता. ब्रह्मसूत्रांच्या परंपरेत उत्क्रांती म्हणजे जीवाचे देहातून बाहेर पडणे. पुढे तोच शब्द जीवजातींच्या क्रमिक परिवर्तनासाठी रूढ झाला आणि ‘उत्’ या उपसर्गामुळे त्याला वर चढण्याची छटा चिकटली. डार्विनच्या उपपत्तीत अशी शिडी नाही. हिंदीतील ‘विकासवाद’ ती शिडी अधिकच ठळक करतो. बंगालीतील ‘विवर्तन’ शब्दाचे गोत्र आणखी वेगळे. तंत्रयुगात मानवाचे पुढे काय होणार, या प्रश्नाची मराठी साहित्यातील मांडणी तपासताना शब्दाचे हे दोन अर्थ, देह सोडणे आणि वर चढणे, एकत्र ध्यानात ठेवावे लागतात.

या मांडणीचा एक महत्त्वाचा धागा रायपूरला पोहोचतो. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले टिळकांचे ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि अल्पावधीतच माधवराव सप्रे यांनी ते हिंदीत आणले. मातृभाषा मराठी असलेले सप्रे १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढून हिंदी पत्रकारितेत उतरले होते. रायपूर ही त्यांची कर्मभूमी, आणि १९२६ मध्ये त्यांचे निधनही तेथेच झाले. ‘दासबोध’ हिंदीत नेणाऱ्या या अनुवादकापुढे ‘गीतारहस्या’ने निराळेच आव्हान ठेवले. सांख्यांची प्रकृती आणि डार्विन-हेकेल यांची सृष्टी एकाच वाक्यरचनेत बसवणाऱ्या ग्रंथाला तिसऱ्या वाचकवर्गापुढे उभे करायचे होते. आधुनिक उत्क्रांतिविचार हिंदी वाचकांपर्यंत ज्या वाटांनी गेला, त्यांपैकी ही एक वाट मराठीतून निघालेली होती. तौलनिक अभ्यासात तिची दखल व्हावी तितकी घेतली गेलेली नाही.

टिळकांनी उत्क्रांतीला विरोध केला नाही, हे आधी नोंदवले पाहिजे. सांख्यांचा गुणोत्कर्ष आणि पाश्चात्त्यांचा उत्क्रांतिवाद यांत त्यांना साम्य दिसले. चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या पौराणिक संख्येशेजारी प्राणिशास्त्रज्ञांचा पिढ्यांचा हिशेब मांडण्यापर्यंत ते गेले. हा मोह त्या काळचा होता आणि आज तो फारसा टिकत नाही. टिकते ते दुसरेच. सांख्यमतानुसार बुद्धी ही प्रकृतीचा पहिला विकार आहे; म्हणजे ती स्वभावतः जड आहे. अहंकार तिच्यानंतर येतो, मन व इंद्रिये त्याच्याही नंतर. चैतन्य पुरुषाचे, आणि पुरुष काही करीत नाही, केवळ पाहतो. पाश्चात्त्य विचारात देकार्तपासून बुद्धी आणि जडद्रव्य यांच्यामध्ये जी भिंत उभी राहिली, ती येथे बुद्धीच्या पलीकडे, बुद्धी व साक्षी यांच्यामध्ये आहे. यावरून सांख्यांना संगणक ठाऊक होता असा निष्कर्ष काढणे हास्यास्पद ठरेल. मात्र यंत्राला बुद्धी असू शकते काय, या प्रश्नाने सांख्य विचलित झाला नसता, एवढे निश्चित.

हीच चौकट लावून जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांची ‘वामन परत न आला’ ही १९८०च्या दशकातील कादंबरी वाचली की तिचे बळ उलगडते. जमिनीच्या पोटात लुप्त झालेल्या एका प्रगत संस्कृतीचा ज्ञानसंचय सापडतो; त्याच्या आधारे वामन हा यंत्रमानव घडवला जातो. वामनाची बुद्धी भयावह नाही, ती उपयुक्तच आहे. भय सुरू होते ते त्याला स्वतःसारखे आणखी वामन हवेसे वाटतात तेव्हा. पूर्वीच्या संस्कृतीचा घातही याच वाटेने झालेला असतो. बुद्धीमागून अहंकार हा सांख्यांचा क्रम लेखकाने जाणून योजला असे म्हणायला आधार नाही; कथेच्या तर्कानेच तो तेथे आणला आहे. ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ मध्ये टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पाठवणाऱ्या या शास्त्रज्ञाची भाषा साधी, प्रसंगी कोरडी आहे, आणि पात्रे कल्पनेच्या ओझ्याखाली सपाट होतात, हा आक्षेप रास्त आहे. पण नावातच मिथक ठेवून नंतर त्याची आठवण वाचकावर सोपवण्याचा संयम नंतरच्या अनेक विज्ञानकथाकारांना साधलेला नाही.

येथे हान्स मोरावेक यांच्या ‘माइंड चिल्ड्रन’ (१९८८) या ग्रंथाची तुलना उद्बोधक ठरते. माणसाचे मन देहातून काढून यंत्रात उतरवावे, ही मोरावेक यांची कल्पना म्हणजे ‘उत्क्रांती’ शब्दाचे दोन्ही अर्थ एकदम. सांख्यांचे अठरा तत्त्वांचे लिंगशरीरही एका देहातून दुसऱ्यात जाते. फरक मूल्याचा आहे. मोरावेक ज्याला अमरत्व म्हणतात त्याला सांख्य बंधन म्हणतो.

तरीही दोन्ही मराठी ग्रंथांत एक गोष्ट राहून गेली आहे : रक्त. छत्तीसगढ आणि विदर्भ या सलग पट्ट्यात सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. एका जनुकातील एका बदलाने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. हा बदल आईबापांपैकी एकाकडूनच आला तर मलेरियाच्या तीव्र हल्ल्यापासून संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवले. दोघांकडून आला तर आयुष्यभर वेदना. निवड शिडी चढत नाही, सौदा करते, याचा इतका उघड पुरावा दुसरा क्वचितच असेल. मे २०२५ मध्ये नवा रायपूरला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिकलसेलवरील पहिली भारतीय जनुकीय उपचारपद्धती जाहीर झाली. तिचे नाव ‘बिरसा १०१’. वामन आणि विळा एकाच प्रदेशात आले आहेत, आणि मराठी समीक्षेचे लक्ष अजून वामनाकडेच आहे.

हा उपचार रुग्णाच्या देहपेशींपुरता असतो, संततीत उतरत नाही. त्या अर्थाने ती उत्क्रांती नव्हे. २०१८ मध्ये चीनमध्ये हे च्यानख्वे यांनी भ्रूणांतच बदल केले तेव्हा मात्र ती सीमा ओलांडली गेली. सांख्यांचा पुरुष पाहतो, कापत नाही. पाहणाऱ्याच्याच हाती कात्री आल्यावर ‘गीतारहस्या’ची चौकट अपुरी पडते आणि वामनाची कथाही. मराठीने या कृतीला ‘जनुकीय संपादन’ म्हटले आहे. संपादन म्हणजे मिळवणे, आणि संपादन म्हणजे दुसऱ्याच्या मजकुरातील शब्द बदलणे. टिळक आणि सप्रे, दोघेही संपादक होते.