हाकेतील जात

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचे अंतर आहे. बारशाला नाव ठेवतात. माणूस डोळ्यांत खुपू लागला की त्याला नावे ठेवतात. कचेरीत, बँकेत, महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये दलित कर्मचाऱ्याला जे टोपणनाव मिळते, त्यात या दोन्ही गोष्टी एकदम घडतात. आणि त्या हसत हसत घडतात. गावकुसाबाहेरच्या शिव्यांची नोंद आपल्या साहित्याने निष्ठुरपणे केली. चहाच्या कपाबरोबर येणाऱ्या या हाकेची नोंद मात्र जितकी व्हायला हवी होती तितकी झाली नाही, असे माझे मत आहे.

मी पूर्वी ज्या महाविद्यालयात होतो तेथे रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मला 'जावईबापू' अशी हाक मारली. 'सरकारचे जावई' या जुन्या टोमण्याचे हे लाडके रूप. त्यातील कावा पाहण्यासारखा आहे. जावयाला आपल्याकडे पाट मांडतात, पहिल्या पंगतीला बसवतात. म्हणून हरकत घ्यावी तर उत्तर तयार असते : "अहो, जावई म्हटले, शिवी तर दिली नाही!" पण जावई घरचा नसतो. तो कमावून आणत नाही, खाऊन जातो. त्या एका शब्दाने माझी नेट, माझी पीएच.डी. आणि आठवड्याचे सोळा तास पुसून टाकले होते.

दुसऱ्या एका सहकाऱ्याला 'बिंदू' म्हणत. बिंदुनामावली म्हणजे कोणते पद कोणत्या प्रवर्गाचे, हे ठरविणारी नोंदवही. खुल्या प्रवर्गातला प्राध्यापकही त्याच नामावलीतल्या कुठल्यातरी बिंदूवर बसलेला असतो. त्याला कोणी बिंदू म्हणत नाही! कार्यालयातील एका लिपिकाला तर सरळ 'जयभीम' म्हणत : "ओ जयभीम, ती फाईल आणा." मला हे सर्वांत क्रूर वाटते. जयभीम हे दोन माणसांनी एकमेकांना द्यायचे अभिवादन. त्याचे टोपणनाव केले की ते एकमार्गी होते. हाक मारणारा जयभीम म्हणतो, पण जयभीम घालत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की कामाच्या ठिकाणी सगळ्यांनाच टोपणनावे असतात. तुम्हीच तेवढे मनाला लावून घेता. खरे आहे, आमच्याकडे एक 'रेडिओ' होते, आणि एक 'पंत'ही होते. परंतु रेडिओंचे नाव त्यांच्या बोलण्यावरून पडले होते. ते गप्प बसले असते तर नावही गेले असते. पंतांचे नाव जातीवरूनच होते, पण ते त्यांना एक पायरी वर बसवीत होते. मला जावईपण सोडण्याची कोणती सोय होती? राजीनामा?

अशा नावांचा इतिहास मोठा आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव तिरस्कार वाटेल असे असावे, हा नियमच आहे. दगडू, धोंडू, कचरू ही आपल्या वाडवडिलांची नावे काही वेळा मूल जगावे म्हणून ठेवलेली असत हे मान्य. पण ती ज्या हेटाळणीने उच्चारली जात, ती हेटाळणी मूल जगावे म्हणून नव्हती. 'बलुतं' (१९७८) मध्ये दया पवार आपल्याच दगडूला समोर बसवून बोलते करतात, ते उगीच नव्हे. लेखक म्हणून घेतलेले नाव आणि वस्तीने दिलेले नाव एका देहात नांदत नाहीत, हा त्या पुस्तकाचा एक मुख्य ताण आहे.

नोकरीच्या जागेविषयी आपल्याकडे सर्वांत आधी आणि सर्वांत नेमके लिहिले ते बाबूराव बागुलांनी. 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) ही कथा रेल्वेतल्या कामगारांमध्ये घडते. जात लपली आहे तोवर निवेदकाला मान आहे. ती कळताच मार आहे. आज परिस्थिती उलटी झाली आहे, याकडे मी लक्ष वेधू इच्छितो. आज जात चोरता येत नाही, कारण ती नेमणुकीच्या आदेशावरच छापलेली असते. आणि मारही बसत नाही, कारण कायदा आहे. मार आणि मान यांच्या मधली जी मोकळी जागा उरली, ती टोपणनावाने भरून काढली आहे.

पुढच्या आत्मकथनांनी एक वेगळी वाट काढली. 'उपरा' (१९८०), 'अक्करमाशी' (१९८४), 'उचल्या' (१९८७) : समाजाने फेकलेला शब्द उचलून लेखकांनी तोच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ठेवला. हा मोठा विद्रोह होता. परंतु आपल्या समीक्षेने त्याचे सरसकट सूत्र केले, आणि आता आमचे काही विद्यार्थी विचारतात, "सर, जावई म्हणतात तर म्हणू द्या ना, आपणच अभिमानाने म्हणू." हा घोटाळा आहे. लिंबाळे, माने, गायकवाड यांनी तो शब्द स्वतः निवडला आणि लिहिणाऱ्याच्या अधिकाराने त्याचा अर्थ फिरविला. स्टाफरूममध्ये तो अधिकार कोणाकडे असतो? जो टोपणनाव ठेवतो, तोच पुष्कळदा गोपनीय अहवालही लिहितो.

गोड नाव नाकारण्याची परंपरा आपल्याकडे आहे, तिची आठवण येथे ठेवली पाहिजे. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांच्या कायद्याच्या दुरुस्तीत अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द आला, तेव्हा भाऊराव गायकवाडांनी हरकत घेतली. आम्ही देवाचे, तर बाकीचे कोणाचे, हा त्यांचा प्रश्न होता. बहुमताने ते ऐकले नाही, आणि बाबासाहेबांसह स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृहातून उठून गेले. शिवीवरून नव्हे, लाडाच्या नावावरून उठून गेले! आणि 'नावात काय आहे' असे आम्हाला शिकविणाऱ्या याच महाराष्ट्रात २७ जुलै १९७८ च्या ठरावानंतर एका विद्यापीठाच्या नावासाठी मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय तर राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. वस्तीची पाटी बदलता येते. हाकेला पाटी नसते.

कायद्याचे म्हणाल तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. पण 'जावईबापू' हे कोणत्या जातीचे नाव आहे? शिवाय अपमान लोकांच्या देखत झाला पाहिजे, ही अट आहे; दार लोटलेली स्टाफरूम त्यात बसते की नाही, यावर वकिलांचा एक दिवस सहज जाईल. टोपणनाव ठेवणाऱ्यांना हे आपल्यापेक्षा चांगले कळते.

मी स्वतः दोन वर्षे हसलो. परिविक्षेचा काळ होता, हसणे ही नोकरीची अलिखित अट होती. नोकरी कायम झाल्यावर एके दिवशी, सगळे बसलेले असताना, मी एवढेच म्हणालो, "सर, माझे आडनाव आपल्याला माहीत आहे. त्या नावाने हाक मारा." आवाज चढविला नाही. काही क्षण चमचे वाजत राहिले. त्यानंतर ज्येष्ठांनी जावईबापू म्हणणे सोडले, आणि हाक मारणेही सोडले. महिन्याभरात मला नवे नाव पडल्याचे कानावर आले : 'अ‍ॅट्रॉसिटी'. पण ते तोंडावर म्हणण्याचे धैर्य कोणाला झाले नाही, आणि 'बिंदू'लाही लोक त्याच्या आडनावाने बोलावू लागले. एवढा बदल मी कमी मानत नाही.

मात्र हिशेब पुरा सांगायचा तर आणखी एक नोंद केली पाहिजे. त्याच महाविद्यालयात मातंग समाजातील एक वयस्क शिपाई होते. सगळे त्यांना 'हलगी' म्हणत. "हलगी, पाणी आणा." स्वतःच्या नावासाठी भांडणारा मीही तीन वर्षे तेच म्हणत होतो, 'बिंदू'ही म्हणत होता, तो 'जयभीम' लिपिकही म्हणत होता. एकदा पगाराच्या कागदावर सही घेताना मी त्यांना त्यांचे पूर्ण नाव विचारले. ते सही करता करता म्हणाले, "हजेरीपटावर आहे की, सर."